लिलावाच्या घरात मागे राहिलेला संसार

कर्ज थकल्यामुळे बँकेने लिलावात काढलेले घर विकत घेणाऱ्याला जे विक्री प्रमाणपत्र मिळते, त्यात जमिनीचा गट किंवा सर्व्हे क्रमांक, सदनिकेचे क्षेत्रफळ, चतुःसीमा आणि भरलेली रक्कम यांचा तपशील असतो. त्या घराच्या माळ्यावर रचून ठेवलेल्या पितळी पातेल्यांचा, भिंतीवरील पूर्वजांच्या तसबिरींचा किंवा कुलूपबंद कपाटातील कागदांचा त्यात उल्लेख नसतो. लिलावाने मालकी बदलते ती गहाण ठेवलेल्या मालमत्तेची, आणि बहुतेक गृहकर्जांत गहाण असते ते केवळ घर. ही गोष्ट साधी असूनही ताबा मिळाल्याच्या पहिल्याच दिवशी तिचा विसर पडतो, कारण खरेदीदाराच्या दृष्टीने आतील सामान हा अडथळा असतो, बँकेच्या दृष्टीने प्रकरण संपलेले असते आणि जुना मालक बहुधा तेथे हजर नसतो. घर घेणाऱ्याने त्या सामानाचे काय करावे, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एका कायद्यात सापडत नाही. ते अनेक कायद्यांतून जुळवावे लागते.

भारतात बँकांचे बहुतेक लिलाव 2002 च्या प्रतिभूती कायद्याखाली होतात, ज्याला बँकांच्या व्यवहारात सर्वत्र सरफेसी म्हणतात. दिवाणी न्यायालयात दावा न लावता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार हा कायदा बँकेला देतो. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये मार्डिया केमिकल्स प्रकरणात त्याची वैधता मुख्यतः कायम ठेवली आणि 5 मे 2020 रोजी, कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या सहकारी बँकेशी संबंधित प्रकरणात, सहकारी बँकांनाही हा मार्ग खुला असल्याचे स्पष्ट केले. कलम 13 नुसार बँक कर्जदाराला 60 दिवसांची मागणी नोटीस देते. त्या मुदतीत रक्कम भरली गेली नाही तर बँकेचा प्राधिकृत अधिकारी, म्हणजे या कारवाईसाठी नेमलेला जबाबदार अधिकारी, मालमत्तेचा ताबा घेतो. हा ताबा दोन प्रकारचा असतो. दारावर ताबा सूचना चिकटवून ती दोन वर्तमानपत्रांत, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील, प्रसिद्ध केली आणि कुटुंब आतच राहिले, तर तो सांकेतिक ताबा होय. घर रिकामे करून कुलूप लावले, तर तो प्रत्यक्ष ताबा. प्रत्यक्ष ताब्याला विरोध होत असल्यास कलम 14 खाली जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे किंवा महानगरात मुख्य महानगर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज केला जातो आणि त्यांच्या आदेशाने तहसील कार्यालयातील अधिकारी किंवा न्यायालयाने नेमलेला आयुक्त पोलीस बंदोबस्तात घराचे दार उघडतो. असा आयुक्त म्हणून वकिलाची नेमणूक करता येते, हे 2022 मध्ये मुंबईच्या एनकेजीएसबी सहकारी बँकेच्या प्रकरणात ठरले.

सामान मागे राहण्याची कारणे या प्रक्रियेतच दडलेली आहेत. तीन खोल्यांच्या घरातून निघालेले कुटुंब नातेवाइकाकडे किंवा भाड्याच्या एका खोलीत जाते आणि तेथे दिवाण, कपाट, शिवणयंत्र मावत नाही. काही कुटुंबे अखेरच्या क्षणापर्यंत स्थगिती मिळेल या आशेवर बांधाबांध करत नाहीत. काही जण सामान हलवणे म्हणजे हार मान्य करणे असे समजून मुद्दाम सर्व तसेच ठेवतात. कर्जदार वर्षभर आधीच गाव सोडून गेलेला असतो, क्वचित तो हयात नसतो आणि वारसांमध्ये वाद चालू असतो. या सर्व परिस्थितींत घरात राहिलेल्या वस्तूंवरचा हक्क कोणी सोडलेला नसतो. लिलावाची सूचना प्रसिद्ध झाल्यानंतर कर्ज फेडून घर सोडवण्याचा कर्जदाराचा हक्क संपतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या मुंबईच्या प्रकरणात सांगितले. पण हा निर्णय तारण मालमत्तेपुरता आहे, त्या मालमत्तेच्या चार भिंतींत ठेवलेल्या आणि तारण नसलेल्या वस्तूंना तो स्पर्शही करत नाही.

मग घराबरोबर नेमके काय येते? 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 8 या बाबतीत फार उपयोगी आहे. घराच्या हस्तांतराबरोबर कुलपे, किल्ल्या, अडसर, दारे, खिडक्या आणि घराच्या कायमच्या वापरासाठी बसवलेल्या इतर सर्व वस्तू जातात, असे ते सांगते. त्याच कायद्याच्या कलम 3 मध्ये ‘जमिनीला जोडलेले’ याची व्याख्या आहे: जमिनीत रुजलेले, जमिनीत रोवलेले, किंवा रोवलेल्या वस्तूच्या कायम उपभोगासाठी तिला जोडलेले. हे नियम मुख्यतः खासगी व्यवहारांसाठी असले तरी स्थावर आणि जंगम यांच्यातील सीमा ठरवताना त्यांचाच आधार घेतला जातो. वस्तू किती घट्ट बसवली आहे आणि ती कोणत्या हेतूने बसवली आहे, असे दोन प्रश्न त्यासाठी विचारले जातात. भिंतीत बांधलेले फडताळ, स्वयंपाकघराचा ओटा, गच्चीवरील सिमेंटची टाकी आणि गटारवाहिनी ही घरासोबत येतात. लाकडी पलंग, फ्रीज, टीव्ही आणि भांडी येत नाहीत. अडचण मधल्या वस्तूंची असते. छताचा पंखा, वातानुकूलन यंत्र, पाणी तापवण्याचा गीझर, झोपाळा आणि सुताराकडून खोलीच्या मापाने करून घेतलेले पण स्क्रूवर उभे असलेले कपाट यांच्याबद्दल दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो. अशा वस्तूंचे बाजारमूल्य वादाच्या खर्चापुढे नगण्य असते, म्हणून जुन्या मालकाने त्या मागितल्या तर भिंतीला इजा न होऊ देता काढून देणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

जंगम वस्तूंपैकी काही बँकेकडे नजरगहाण असू शकतात. नजरगहाण म्हणजे वस्तू कर्जदाराच्याच ताब्यात ठेवून तिच्यावर बँकेचा बोजा निर्माण करणे. दुकान किंवा कारखान्याच्या कर्जात यंत्रे आणि माल असा गहाण असतो आणि त्याचा ताबा घेताना पंचनामा व यादी करण्याची रीत 2002 च्या प्रतिभूती अंमलबजावणी नियमांतील नियम 4 मध्ये दिली आहे. राहत्या घरातील संसार मात्र बहुधा कोणाकडेच गहाण नसतो. उलट कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्ये ऋणको, त्याची पत्नी आणि मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, खाटा व अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावरून दूर करता येत नाहीत असे दागिने आणि कारागिराची हत्यारे जप्तीपासून वगळली आहेत, आणि सरफेसीच्या कलम 31 नेही अशा मालमत्तेला स्वतःच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. जी भांडी खुद्द न्यायालय जप्त करू शकत नाही, ती घराच्या खरेदीदाराची कशी होतील, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा. शिवाय घरातील प्रत्येक वस्तू कर्जदाराचीच असते असेही नाही. सुनेच्या कपाटातील दागिने व भांडी हे तिचे स्त्रीधन असते, ज्यावर केवळ तिची मालकी असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये प्रतिभा राणी प्रकरणात ठामपणे सांगितले. फ्रीज एखाद्या वित्तसंस्थेच्या हप्त्यांवर असतो. आतल्या खोलीतील ट्रंक भाडेकरूची किंवा शिकायला आलेल्या भाच्याची असते.

या सामानाची पहिली जबाबदारी बँकेची आहे. ताब्यात घेतलेल्या मालमत्तेची काळजी सामान्य विवेकाचा मालक स्वतःच्या मालमत्तेची घेईल तितकी घ्यावी, असे नियम 8 मध्ये म्हटले आहे, आणि प्रत्यक्ष ताब्याच्या दिवशी प्राधिकृत अधिकारी किंवा आयुक्त सहसा सामानाची यादी करतो. पण गहाण नसलेल्या वस्तू किती दिवस ठेवाव्यात, कोठे ठेवाव्यात, भाडे कोणी द्यावे आणि कोणी नेल्याच नाहीत तर काय करावे, याची स्वतंत्र कार्यपद्धती त्या नियमांत नाही. परिणामी काही बँका कर्जदाराला सामान नेण्याची लेखी सूचना देतात, काही ते एका खोलीत भरून कुलूप लावतात आणि काही विक्रीच्या अटींत ‘जसे आहे, जेथे आहे, जे काही आहे’ असे लिहून सारा भार खरेदीदारावर टाकतात. हे शब्द मालमत्तेच्या स्थितीबद्दल आहेत. बँकेच्या मालकीची नसलेली वस्तू त्यांच्या बळावर विकली जात नाही. सांकेतिक ताब्यातील घर विकले गेले असेल तर गुंतागुंत आणखी वाढते, कारण प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंत महिने उलटतात आणि तोपर्यंत खरेदीदाराची पूर्ण रक्कम भरून झालेली असते. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यातून झालेल्या लिलावात ताब्यासाठी खरेदीदाराने त्याच न्यायालयाकडे 1 वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो, आणि तेथे बेलिफ, म्हणजे न्यायालयाचा अंमलबजावणी कर्मचारी, हजर असल्यामुळे सामानाची नोंद तुलनेने नीट होते.

किल्ली हातात आल्यानंतर आतील सामान हलवण्याआधी पंचनामा करून घेणे ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि नेमकी तीच घाईत उरकली जाते. बँकेने दिलेल्या यादीत ‘कपाट 1, भांडी अंदाजे 1 पोते, इतर किरकोळ सामान’ असे लिहिलेले असेल तर ती यादी पुढे कोणाच्याच कामाची नसते. त्याऐवजी ‘करड्या रंगाचे लोखंडी कपाट, दोन दारांचे, उजव्या दारावरील आरसा खालच्या कोपऱ्यात तडकलेला, कुलूपबंद, किल्ली मिळाली नाही, आतील वस्तू पाहिल्या नाहीत’ अशी नोंद हवी. खोलीनिहाय यादी, सुरुवात आणि शेवट यांची वेळ, आजूबाजूच्या दोन पंचांच्या सह्या, बँकेच्या प्रतिनिधीची सही आणि दार उघडल्यापासून अखंड घेतलेले चित्रीकरण इतके झाले की खरेदीदार बऱ्याच अंशी सुरक्षित होतो. गृहनिर्माण संस्था असेल तर तिचे सचिव पंच म्हणून सर्वांत योग्य, कारण जुने कुटुंब आणि नवा मालक या दोघांनाही ते ओळखतात. कुलूपबंद कपाट, पेटी किंवा तिजोरी खरेदीदाराने स्वतः उघडू नये. तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवून सह्यांची मोहोर करावी आणि ती जुन्या मालकासमोर किंवा बँक व पोलिसांच्या उपस्थितीत उघडावी. कपाटात पाच तोळे सोने होते असा आरोप नंतर झाला, तर न उघडलेले कुलूप हाच त्यावरील सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

पंचनाम्यानंतर खरेदीदाराची भूमिका दुसऱ्याची वस्तू सांभाळणाऱ्याची होते. दुसऱ्याची वस्तू ठराविक हेतूने ताब्यात असणे आणि हेतू संपताच ती परत करावी लागणे, या नात्याला करार कायद्यात निक्षेप म्हणतात. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 151 नुसार सामान्य विवेकाचा माणूस त्याच मोलाच्या स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी अशा सांभाळणाऱ्याने घ्यायची असते, आणि कलम 71 सापडलेल्या वस्तूच्या बाबतीत हीच जबाबदारी सापडणाऱ्यावर टाकते. कलम 169 वस्तू सापडणाऱ्याला विक्रीची मुभा देते, पण ती फार मर्यादित आहे: पुरेसा शोध घेऊनही मालक सापडला नाही किंवा त्याने कायदेशीर खर्च देण्यास नकार दिला, आणि वस्तू नासण्याचा किंवा तिचे बरेचसे मोल जाण्याचा धोका असेल, अथवा सांभाळण्याचा खर्च तिच्या किमतीच्या दोन तृतीयांशांपर्यंत पोहोचला असेल, तरच. लिलावाच्या घरात मालक कोण हे माहीत असते, म्हणून ही कलमे तेथे शब्दशः लागू होतात असे म्हणता येत नाही. परंतु घाईने विकणे किंवा भंगारवाल्याला देणे किती धोक्याचे आहे, हे त्यांवरून समजते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली दुसऱ्याच्या जंगम वस्तूचा अप्रामाणिकपणे अपहार केल्यास किमान 6 महिने ते 2 वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. दिवाणी बाजूने वस्तू किंवा तिची किंमत मागण्यासाठी जुन्या मालकाला 3 वर्षांची मुदत असते, तेव्हा पंचनामा, छायाचित्रे आणि नोटिसांच्या प्रती निदान तितका काळ जपून ठेवाव्यात.

नोटीस पोच मिळेल अशा डाकेने शेवटच्या ज्ञात पत्त्यावर, शक्य असल्यास मोबाइल संदेशाद्वारे, आणि तिची प्रत बँकेला, अशी पाठवावी. तीत सामानाची यादी, ते ठेवलेले ठिकाण, नेण्याची वेळ आणि मुदत स्पष्ट असावी. कायद्याने दिवस ठरवून दिलेले नसले तरी 15 ते 30 दिवसांची मुदत न्याय्य वाटते. बेघर झालेल्या कुटुंबाला टेम्पो ठरवायला आणि जागा शोधायला इतका अवधी लागतोच. सामान अडवून ठेवून वीजबिलाची किंवा संस्थेच्या देखभाल शुल्काची थकबाकी मागणे मात्र सर्वस्वी गैर आहे, कारण त्या थकबाकीचा या वस्तूंशी काहीही संबंध नसतो. मुदत संपूनही कोणी आले नाही तर परस्पर विल्हेवाट लावण्याऐवजी बँकेला लेखी कळवावे, तिने कलम 14 च्या आदेशाखाली ताबा दिला असेल तर त्याच अधिकाऱ्याकडे निर्देश मागावेत, आणि जे नासणार असेल तेवढेच पंचांसमक्ष काढून त्याचा हिशेब ठेवावा.

बाजारात ज्यांना किंमत नाही अशा वस्तूंचा विचार सर्वांत बारकाईने करावा लागतो, आणि भंगाराच्या गोणीत सर्वप्रथम त्याच जातात. महाराष्ट्रातील घरात पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशी पिवळा पडलेला आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला असतो. तो पाहणाऱ्याला रद्दी वाटतो, पण जात पडताळणी समितीपुढे नातवाचा दावा त्याच कागदावर उभा राहतो. वास्तव्य आणि जातीच्या पुराव्यासाठी महाराष्ट्रात अनुसूचित जातींकरिता 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींकरिता 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गांकरिता 13 ऑक्टोबर 1967 या तारखा मानल्या जातात, आणि त्याआधीचा मूळ कागद एकदा गेला की शाळेचे जुने रजिस्टरही जागेवर असेल याची खात्री नसते. कर्ज बापाचे थकले म्हणून मुलीची वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीची जागा जावी, हे कोणत्याही कायद्याला अभिप्रेत नाही. सातबारा उतारे, विमा पत्रे, निवृत्तिवेतनाची पुस्तिका, मृत्युपत्र, आजाऱ्याच्या उपचारांची फाइल, मुलांच्या गुणपत्रिका हे सर्व कागद न वाचता एका पेटीत भरून, पेटी मोहोरबंद करून, इतर सामानाची वाट न पाहता सर्वांत आधी परत द्यावेत. देवघराबाबतही हेच. देव्हाऱ्यातील खंडोबा-भवानीचे टाक चांदीच्या वजनाने पाहिले तर थोड्या मोलाचे असतात, पण ते कुळाचे देव असतात आणि पिढीकडून पिढीकडे आलेले असतात. खरेदीदाराने ते स्वतः विसर्जित करू नयेत, तर स्वच्छ कापडात बांधून त्या घरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या हाती सोपवावेत. लग्नाचे अल्बम, दिवंगतांच्या तसबिरी आणि मुलांनी जिंकलेले चषक यांचीही गणना याच वर्गात होते.

काही वस्तूंचा मालक जुना घरमालकही नसतो. गॅस सिलिंडर तेल कंपनीचा असतो आणि वितरकाकडे जमा करावा लागतो. विजेचा मीटर बहुधा वीज कंपनीचा असतो. पारपत्र 1967 च्या कायद्यानुसार कायम केंद्र सरकारच्या मालकीचे असते. बंदूक किंवा काडतुसे दिसल्यास त्यांना हात न लावता पोलीस ठाण्यात कळवावे. जुन्या वाड्याच्या दुरुस्तीत भिंतीत पुरलेले धन सापडले तर 1878 चा भूमिगत धन कायदा लागू होऊ शकतो, कारण त्यातील व्याख्येत जमिनीप्रमाणेच जमिनीला जोडलेल्या वस्तूत दडवलेले धनही येते आणि 10 रुपयांहून अधिक मोलाच्या अशा धनाची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्याला देणे बंधनकारक आहे.

सामान सोपवताना ते कोणाला सोपवायचे हे पाहावे लागते. कर्जदार हयात असेल तर त्याला किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या व्यक्तीला. स्त्रीधन ज्या स्त्रीचे आहे तिलाच. मृत्यू झाला असेल तर सर्व वारसांच्या संमतीने, आणि वाद असेल तर न्यायालयाच्या निर्देशाने. प्रत्येक वेळी यादीवर वस्तूगणिक खूण करून ‘मिळाले’ अशी सही घ्यावी.

इतर देशांनी हा प्रश्न खरेदीदाराच्या सद्बुद्धीवर सोडलेला नाही. जपानच्या 1979 च्या दिवाणी अंमलबजावणी कायद्यात न्यायालयाचा अंमलबजावणी अधिकारी आधी घरी जाऊन साधारण 1 महिन्याची मुदत देणारी सूचना लावतो आणि मुदतीनंतर आतील जंगम वस्तू बाहेर काढून त्या जुन्या रहिवाशाला किंवा त्याच्या घरच्यांना देतो. ते शक्य नसेल तर तो त्या साठवतो किंवा विकतो, आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम सरकारी खात्यात त्याच माणसाच्या नावे जमा होते. इंग्लंडमध्ये 1977 च्या कायद्यानुसार दुसऱ्याच्या वस्तू सांभाळणाऱ्याला आधी नोटीस देऊन, वाजवी वाट पाहून, मिळेल त्या चांगल्या किमतीला त्या विकता येतात, पण हिशेब द्यावाच लागतो. दोन्ही पद्धतींत विक्रीनंतरही पैसा जुन्या मालकाचाच राहतो. भारतात अशी तरतूद करण्यासाठी मूळ कायदा बदलण्याची गरज नाही. 2002 च्या नियमांत ठराविक नमुन्यातील सामानयादी, 30 दिवसांची मुदत, साठवणुकीची जागा व खर्च आणि कागदपत्रे तत्काळ परत करण्याचे बंधन एवढे एका पोटनियमात घातले तरी पुरेल, आणि केंद्र सरकारने ते घालावे. तोपर्यंत बोली लावणाऱ्याने जाहिरातीत ताबा सांकेतिक आहे की प्रत्यक्ष हे वाचून, बँकेकडून सामानाच्या यादीची प्रत मागून आणि घर रिकामे करून देण्याची जबाबदारी कोणाची हे लेखी घेऊन मगच अनामत रक्कम भरावी.